घरच्या नावांचा डबा

(शाळा उघडायला दोन दिवस आहेत. पहिलीचा वर्ग, दुपारचे तीन. चार वाजता नव्या पालकांची सभा.)

बाई : ...आणि दप्तर तिचं तिलाच भरू द्या, बरं का. तुम्ही भरलंत तर तिला त्यातलं काही म्हणता काही सापडायचं नाही, आणि मग नुसती रडारड. अहो, बसा ना! उभ्या का अशा? छोट्या खुर्च्यांना घाबरू नका, मला पेलतात तर तुम्हाला काय!

आई : मी बसायला नाही आले, बाई.

बाई : सभेला अजून तास आहे. आलाच आहात तर ती टाचणी द्या इकडे. हे बघा, ही गुंडीची खुंटी. मुद्दाम दाराजवळची ठेवलीय. दार दिसेनासं झालं की ती कावरीबावरी होते, तुम्हीच सांगितलं होतंत ना?

आई : सांगितलं होतं. तुम्हाला सांगितलं होतं.

बाई : मग! एकदा ऐकलं की मी विसरत नाही. आणि पहिल्या दिवशी सगळ्यांच्या छातीवर घरचं नाव लावायचं. हजेरीतलं ते लांबलचक नाव ऐकलं की पोरं दचकतात हो, आपलंच आहे हेच त्यांना कळत नाही. ढब्बू, छकुली, टिल्लू, गुंडी... अशी हाक मारली की निम्मं रडू तिथेच थांबतं. बावीस वर्षांचा अनुभव आहे माझा.

आई : खाली उतरा.

बाई : अं?

आई : स्टुलावरून खाली उतरा. पडाल. आणि हे वाचा.

बाई : काय आहे? शाळेचं पत्र? मला कसं कुणी बोललं नाही... थांबा, चष्मा कुठे गेला माझा...

आई : डोक्यावर आहे.

बाई : हां. "प्रति, पालक. आपल्या पाल्यास इयत्ता पहिली, तुकडी ब..." ब? छे हो, काहीतरी घोळ झालाय. गुंडी माझ्या वर्गात आहे. अ मध्ये.

आई : फाटकावर यादी लागलीय. दोनदा वाचली मी, बोट ठेवून. ब मध्ये आहे. पुढे वाचा.

बाई : "विशेष लक्ष देण्याची गरज असलेले बालक. लक्षण, घराबाहेर एक शब्दही बोलत नाही. कारण..."

आई : का थांबलात? वाचा की मोठ्याने. आमच्या घरी मोठ्यानेच वाचलं गेलं.

बाई : अरे देवा.

आई : राहू द्या, मला पाठ झालंय. "कारण, आईने रागाच्या भरात मुलीला शिवणाच्या खोलीत दुपारभर कोंडून ठेवले होते, असे आई सांगते. घरात इतर कुणाला माहीत नाही." घरात इतर कुणाला माहीत नाही, हेसुद्धा छापलंय बाई! आणि पाकिटावर नाव कुणाचं? गुंडीच्या बाबांचं.

बाई : त्यांनी उघडलं?

आई : मग काय मी उघडणार होते? काल संध्याकाळी बसवरची ड्यूटी संपवून आले, हातपाय धुतले, म्हणाले, शाळेचं पत्र आलंय, आपली गुंडी आता शाळेत जाणार. कौतुकाने वाचायला घेतलं हो त्यांनी. सासूबाईंनाही बोलावलं ऐकायला.

बाई : बसते मी जरा.

आई : बसा. खुर्च्या पेलतात म्हणालात ना.

बाई : काय म्हणाले ते?

आई : एवढंच विचारलं, हे खरं आहे का? मला हो म्हणवेना. नाहीही म्हणवेना. तेव्हापासून माझ्याशी अवाक्षर बोललेले नाहीत. बहिणीला फोन लावला, माझ्यासमोरच. गुंडीला तिकडे पाठवतोय, तिकडच्याच शाळेत घाल म्हणाले. आज चारला येणार आहेत, तिची कागदपत्रं परत न्यायला. मी त्यांच्याआधी निघून आले.

बाई : नाही, नाही, असं कसं नेतील? तिला कितीतरी प्रयत्नांनी... अहो, तुमच्या घरच्या तिसऱ्या फेरीला ती माझ्या कानाशी येऊन बोलली होती! आठवतंय ना? "माझी कात्री छोटी आहे" म्हणाली होती.

आई : मला सगळं आठवतंय. तुम्हाला काय काय आठवतं ते मला बघायचंय. तुम्ही माझ्या मशीनशेजारी खाली फतकल मारून बसला होतात. मी कापड ओढत होते आणि तुम्ही दुसरं टोक धरलं होतंत. म्हणालात, ताई, तिला वर्गात घ्यायचं तर मला तिचं दुखणं कळायला हवं. काय झालं होतं ते सांगा, माझ्या पोटात राहील.

बाई : हो. म्हणाले होते.

आई : दीड वर्ष कुणाला सांगितलं नव्हतं मी. आईला नाही, नवऱ्याला नाही. गिऱ्हाइकाच्या नव्या कोटाची बाही कातरली होती तिने. मी दंडाला धरून तिला आत लोटलं, कडी घातली आणि मशीनवर बसले. ती ओरडत होती. मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. तुम्हाला मात्र खरं सांगितलं, की येत होतं ऐकू.

बाई : ताई, मी त्यातलं एक अक्षर कुणापाशी...

आई : मग हे छापलं कुणी? भिंतींनी?

बाई : मी कार्डावर लिहून ठेवलं होतं. सगळ्यांचंच लिहिते, पुढे घरचं नाव, मागे घरातलं. नाहीतर एवढ्या घरांचं लक्षात कसं राहणार? कार्डं पत्र्याच्या डब्यात, डबा माझ्या कपाटात.

आई : कपाटाला कुलूप?

बाई : आहे की.

आई : किल्ली?

बाई : माझ्याकडेच. कमरेला.

आई : मग?

बाई : मग... बघते मी. चौकशी करते. शिपाईमामांना विचारते, सुट्टीत कोण कोण आलं होतं ते.

आई : बाई, तुमचा चेहरा का उतरला?

बाई : कुठे काय.

आई : मी दिवसभर लोकांची मापं घेते. कोण पोट आत ओढून उभं राहिलंय ते मला टेप न लावता कळतं. आणि आणखी एक सांगते. आमच्या गल्लीतली चार पोरं यंदा पहिलीला आहेत. तीन ब मध्ये. एक अजून अंथरूण ओलं करतो, एक चावते, आणि तिसरी माझी. चौथा गोरागोमटा, पोपटासारखा बोलणारा, तो तुमच्या अ मध्ये. यादी वाचताना आम्ही तिघी बायका एकमेकींकडे बघायला लागलो. कळलं सगळ्यांना. तुम्ही आमच्या प्रत्येकीच्या घरी जमिनीवर बसून गेला होतात.

मोठ्या बाई : झालं का गं सजवून? शिपायाला म्हटलं, हॉलमध्ये खुर्च्या... अरे, पालक आल्यात वाटतं. नमस्कार. सभा चारला आहे हं, तोवर बाहेर बाकावर बसलात तर बरं.

बाई : मोठ्या बाई, हे पत्र तुम्ही पाठवलंत?

मोठ्या बाई : बघू. हां, संमतिपत्र. यात काय आहे? सही करून द्यायचं, इतकंच. घाबरण्यासारखं काही नाही, ताई. ब तुकडीत फक्त वीस मुलं आहेत. वीस मुलांना एक शिक्षिका आणि वर एक मदतनीस. अ मध्ये बेचाळीस कोंबलीत. म्हणजे फायदा तुमच्याच मुलीचा आहे.

आई : तुम्ही वाचलंय का ते पत्र?

मोठ्या बाई : असं बघा, वीस पत्रं होती. मजकूर कार्यालयात तयार झाला.

आई : कारणाच्या रकान्यात काय आहे ते वाचलंय का, विचारते.

मोठ्या बाई : मदतनीस मंजूर करून घ्यायची तर वर शिक्षण खात्याला कारणं द्यावी लागतात. कारकुनाने कार्डावरून जसंच्या तसं उतरवलं. भाषा थोडी सौम्य करायला हवी होती, कबूल.

आई : कुठल्या कार्डावरून?

मोठ्या बाई : म्हणजे? यांच्याच. त्या डब्यातल्या.

आई : तो यांच्या कपाटात होता ना? कुलपात?

मोठ्या बाई : छे, माझ्या टेबलावर आहे. यांनीच आणून दिला मला, सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात.

आई : यांनीच?

बाई : ताई, मी सांगणारच होते...

आई : कधी? शिपाईमामांची चौकशी झाल्यावर?

बाई : नावांसाठी दिला होता हो! घरची नावं उतरवून घ्यायला. यांनी मला म्हटलं, तुझं अक्षर किरटं, मी कार्यालयातून छान छापून आणते बिल्ले. मी म्हटलं, बघा फक्त नावच घ्या, मागची बाजू कुणी वाचायची नाही. म्हटलं होतं की नाही? सांगा की यांना!

मोठ्या बाई : म्हणाली होतीस.

आई : आणि डबा उचलून दिलात.

बाई : एका खोलीत राहून शिकलोय आम्ही दोघी. हिच्या हातात द्यायला मला काय वाटणार?

आई : मला काय वाटलं होतं मग? मीही तुमच्या हातातच दिलं होतं. माझी तर तुमची ओळख तीन फेऱ्यांची. तुम्ही जे पुढे दिलंत ना, ते तुमचं नव्हतं हो. माझ्या घरातलं होतं. केसाने गळा कापतात म्हणतात तो असा. आणि वर मघाशी माझ्यासमोर कानावर हात ठेवलेत.

बाई : घाबरले मी. तुम्ही असं बघत होतात... एकदम तोंडातून निघून गेलं.

आई : गुंडीच्या बाबांनी विचारलं तेव्हा मीही घाबरले होते. पण दुसऱ्या कुणाचं नाव नाही घेतलं.

मोठ्या बाई : बरं, झालं ते झालं. आता आपण सगळ्यांनीच शांत डोक्याने घेऊ या. तुमचे मिस्टर येणारेत का सभेला?

आई : येणार आहेत. कागदपत्रं न्यायला.

मोठ्या बाई : मग त्यात काय मोठंसं! आपण त्यांना सांगू, लिहिण्यात चूक झाली. दुसऱ्या मुलीचं कारण तुमच्या पत्रावर पडलं. कारकुनाची चूक. मी लेखी देते हवं तर, शिक्क्यानिशी. काय गं?

बाई : मला विचारतेस?

मोठ्या बाई : सांगायचं तुलाच आहे. तुझ्या तोंडून आलं की पटतं लोकांना.

आई : सांगाल, बाई? त्यांना सांगाल, की मी असं काही बोललेच नव्हते? त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे. गुंडी तुमच्या कानाशी बोलली, त्या दिवशी सासूबाईंना म्हणाले होते, बाई म्हणजे देवमाणूस.

बाई : सांगते.

आई : खरंच?

बाई : सांगते. माझ्या हातून चूक झाली, दुसऱ्याच पोरीचं गुंडीच्या कार्डावर लिहिलं, असं सांगते. मला काय बोलायचं ते बोलू देत. तुमचं घर मोडलेलं नाही बघवणार मला.

मोठ्या बाई : झालं तर. मग चारला तू नेहमीसारखी बोल, गोड बोल, पहिल्या दिवसाची तयारी वगैरे, आणि नंतर त्या गृहस्थांना बाजूला घे.

आई : आणि बाकीच्या एकोणीस जणींना?

मोठ्या बाई : त्यांचं काय?

आई : त्यांनाही पाकिटं गेलीत. कुणाच्या कारणात काय छापलंय, मला माहीत नाही. माझ्या शेजारणीने काल रात्री दारच उघडलं नाही. त्यांना काय सांगणार आहात, बाई? सगळ्यांच्याच पत्रांत कारकून चुकला?

बाई : त्यांना... त्यांना खरं सांगायला हवं.

आई : काय खरं?

बाई : हेच, की तुम्ही मला विश्वासाने सांगितलंत आणि मी डबा हातातून जाऊ दिला. त्यावरून तुकड्या पडल्या. पत्रं परत करा, सही करू नका.

मोठ्या बाई : वेड लागलंय का तुला?

आई : ते खरं सांगितलंत तर माझं खोटं टिकेल का?

बाई : नाही टिकणार.

आई : आणि माझं खोटं टिकवायचं तर त्या सगळ्या जणींनी मूग गिळून बसायचं. मान खाली घालून सही करायची.

बाई : तुम्ही म्हणाल तसं करते, ताई. माझ्याने आता काही ठरवणं होत नाही. तुम्ही सांगा.

आई : वा! ते पण मीच ठरवू? चूक तुमची, आणि शिवण उसवायची मी?

बाई : खरं आहे तुमचं.

आई : किती वाजले?

बाई : साडेतीन होतील.

आई : स्कूटर आली त्यांची. आवाज ओळखते मी. ...राहू दे. माझं मीच सांगते त्यांना.

बाई : काय सांगता?

आई : कोट, कात्री, कडी. सगळं. काल गप्प बसले तेच चुकलं. तुमच्या तोंडून खोटं वदवून घेतलं तर उद्यापासून तुमच्यासमोर मिंधी होऊन उभी राहीन मी. तेवढं नको मला. तुम्ही त्यांना एकटं गाठून काही सांगायला जाऊ नका, बाई. हात जोडते.

बाई : ताई... मी येऊ का बरोबर?

आई : नको.

मोठ्या बाई : गेली. बाई तिखट आहे हं. दार लाव ते.

बाई : राहू दे उघडं.

मोठ्या बाई : अगं, असा काय चेहरा करून बसलीस! निवळेल सगळं. नवराबायको आहेत, भांडतील आणि गप्प होतील. तू ऊठ, तोंडावर पाणी मार.

बाई : एक सांग. बिल्ल्यांसाठी म्हणून डबा मागितलास, तेव्हाच ठरलं होतं तुझं?

मोठ्या बाई : आता ते कशाला उकरतेस?

बाई : ठरलं होतं का, इतकंच सांग.

मोठ्या बाई : ...हो.

बाई : बिल्ले छापलेस तरी का?

मोठ्या बाई : छापले की. छान झालेत. माझ्या खोलीत आहेत.

बाई : मला विचारलं का नाहीस?

मोठ्या बाई : तू नाही म्हणाली असतीस.

बाई : म्हणाले असते! म्हणून विचारायचं नाही? अगं, मला नाही म्हणता येऊ नये म्हणून तू मला बिल्ल्यांची गोडी लावलीस. मी तुझ्या खोलीतून निघाले तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं. घरी गेल्यावर सुनेला सांगितलं, यंदा मैत्रीण किती मनावर घेतेय बघ.

मोठ्या बाई : मी काय माझ्या घरासाठी केलं का? चार वर्षं मदतनीस मागतेय. दरवर्षी फाइल परत. यंदा म्हणाले, वीस मुलांची कारणांसकट यादी द्या, मंजूर करतो. मी कुठून आणणार होते कारणं? मला कोण सांगतं घरातलं? मी दारात उभी राहिले तर लोक बैठकीची खोली आवरायला धावतात. तुला स्वयंपाकघरात नेतात.

बाई : म्हणून माझ्या पायांनी तू घराघरांत शिरलीस.

मोठ्या बाई : बोल, काय बोलायचं ते बोल. पण वीस मुलांना मदतनीस मिळाली, हे विसरू नकोस.

बाई : आणि शिक्षिका कोण दिलीस त्यांना? जी बिचारी तीन महिन्यांपूर्वी शिकून बाहेर पडली ती. माझी बावीस वर्षं कुणासाठी ठेवलीस? पोपटासारख्या बोलणाऱ्यांसाठी?

मोठ्या बाई : पहिल्या महिन्यात पाहुणे येणारेत वर्ग बघायला. एक तरी वर्ग दाखवण्यासारखा नको?

बाई : हां. आता आलं खरं बाहेर.

मोठ्या बाई : तुझंच नाव होणार होतं त्यात.

बाई : माझं नाव काय झालंय ते आत्ता ऐकलंस ना, याच खोलीत?

मोठ्या बाई : हे बघ, चारला तू उभी राहणार आहेस. काय बोलायचं याचा नीट विचार कर. तुझी दोनच वर्षं उरलीत. कुलपात ठेवायच्या गोष्टी तू बाहेर दिल्यास, हे तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस तर मला तुला पाठीशी घालता येणार नाही. मला तुझ्याविरुद्ध लिहावं लागेल.

बाई : लिही.

मोठ्या बाई : भावनेच्या भरात बोलतेयस.

बाई : हो, भरातच बोलतेय! रडूही येतंय मला, बघ. तू धमकी देतेस याचं नाही येत. चाळीस वर्षांत तुझ्याशी बोलताना कधी शब्द तोलून बोलले नाही मी, आणि इथून पुढे तोलावा लागणार, त्याचं येतंय. डबा आणून दे माझा.

मोठ्या बाई : देते. अगं, ऐक तरी. त्या शिवणवाल्या बाईंची मुलगी तुझ्याकडे घे. ही घे यादी, हे पेन. तू तुझ्या हाताने लिही. शेवटी आपल्याला तिचंच भलं करायचंय ना?

बाई : बदल्यात काय?

मोठ्या बाई : बदल्यात कुठे काय म्हणाले मी!

बाई : मग लिहिते. पण चारला मी बोलायचं तेच बोलणार. आधीच सांगून ठेवते, नंतर म्हणू नकोस मैत्रिणीने तोंडघशी पाडलं.

मोठ्या बाई : बघ तुझं तू. मी हॉलमध्ये जाते. ...या ताई. झालं का बोलणं? बसा. मी निघतेच आहे.

बाई : ताई, या. पाणी देऊ?

आई : नको.

बाई : सांगितलंत?

आई : सांगितलं. फाटकाशीच. लोक येत होते आत, बाजूला व्हा बाजूला व्हा म्हणत. तशातच सांगितलं.

बाई : काय म्हणाले?

आई : आधी स्कूटरला किल्ली लावली. मग काढली. म्हणाले, किती वेळ होती ती आत? मी म्हटलं, चार तास. मग म्हणाले, मला का नाही सांगितलंस? मी त्या दिवशी जेवायला घरी आलो होतो.

बाई : अगं बाई गं.

आई : बाकावर बसलेत बाहेर. कागदपत्रं मागायला आत आले नाहीत अजून. सभा ऐकतो म्हणाले. बहिणीचा फोन दोनदा वाजला, उचलला नाही. पुढचं मला माहीत नाही.

बाई : आणणार ना मग सोमवारी गुंडीला?

आई : ते नाही घेऊन गेले, तर आणीन.

बाई : हे बघा, मी यादी दुरुस्त करून घेतलीय. तिचं नाव अ मध्ये घातलं, माझ्या हाताने. आता ती माझ्या डोळ्यांसमोर राहील. मी जे बिघडवलं ते...

आई : खोडा ते.

बाई : काय?

आई : तिचं नाव खोडा. ब मध्येच राहू दे.

बाई : ताई, तुम्ही रागात आहात. माझ्यावर काढा राग, हजारदा काढा, पोरीवर नको. ती नवी मुलगी आहे, तिला अजून रडणारं पोर कडेवर घेता येत नाही. गुंडी बोलते ती फक्त माझ्याशी!

आई : बोलते खरी. आणि तुम्ही छान ऐकता. मीही त्यालाच भुलले. असं ऐकणारं माणूस मला जन्मात भेटलं नव्हतं.

बाई : मग?

आई : त्या नव्या बाईंनी मला अजून फसवलेलं नाही. सध्या तेवढंच पुरे मला. खोडा.

बाई : ...खोडलं.

आई : आणि सभेत सांगणार आहात ना? सगळं?

बाई : सगळं. डबा माझ्या हाताने दिला, इथपासून. मघाशी शिपाईमामांचं नाव घेतलं तेही.

आई : मी पुढेच बसते. ते मागे बसतील बहुतेक.

बाई : एवढंच करू द्या मला. त्या नव्या बाईंना मी नीट सांगून ठेवते, गुंडीला कसं घ्यायचं, काय विचारायचं नाही, दार...

आई : नको. तुम्ही काही सांगू नका. मीही नाही सांगणार.

बाई : अहो, पण त्यांना कळणार कसं?

आई : गुंडी सांगेल. तिला वाटेल तेव्हा.